रेडिओ स्पेक्ट्रम नियमन, जुन्नर-आंबेगाव परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत रेडिओ लहरींचा वापर, लहरी निर्माण करणारे उद्योग व वाहतूक यांवर असलेल्या कायदेशीर आणि प्रशासकीय बंधनांचा हा विषय. बंधनांचे मुख्य कारण नारायणगावजवळच्या खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जीएमआरटी) ही दुर्बीण. परवाना मागतो तो लहरी सोडणारा. नुसते ऐकणाऱ्याला परवाना लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्या हक्काचे रक्षण कायद्यात अवघड होऊन बसते. या टापूतील बहुतेक वाद त्यातूनच निघाले आहेत.

लहरी सोडणाऱ्यांचा इतिहासही याच तालुक्यात आहे. नारायणगावजवळच्याच आर्वी येथे भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भूकेंद्र उभे राहिले. ते 1972 च्या फेब्रुवारीत सुरू झाले आणि त्या निमित्ताने टपाल खात्याने तिकीटही काढले. त्याच्या उभारणीमागे असलेले विक्रम साराभाई डिसेंबर 1971 मध्ये वारले होते. केंद्राला ‘विक्रम’ हे नाव त्यांच्यावरूनच पडले. इंटेलसॅटच्या उपग्रहामार्फत परदेशी दूरध्वनी आणि टेलेक्स येथून जात. त्या काळी परवान्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण केंद्र चालवणारी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खातेच होते. 1986 मध्ये त्याचे विदेश संचार निगम झाले आणि 2002 मध्ये निगम टाटा समूहाकडे गेले.

कायद्याची चौकट. 1885 चा भारतीय तार कायदा आणि 1933 चा भारतीय बिनतारी तार कायदा यांनी बिनतारी यंत्रणेवर सरकारचा एकाधिकार प्रस्थापित केला. वारंवारता नेमून देण्याचे काम 1952 पासून दूरसंचार खात्यातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा (डब्ल्यूपीसी) पाहते. मनोरा वा केंद्र कोठे उभारायचे याला ‘सॅक्फा’ ही सल्लागार समिती मान्यता देते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात सांगितले, तर 2012 च्या टूजी निकालानंतर लिलाव हाच वाटपाचा मुख्य मार्ग झाला. 2023 च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा नियम ठेवला आणि अपवादांची स्वतंत्र अनुसूची जोडली. उपग्रह सेवांना स्पेक्ट्रम लिलावाविना, प्रशासकीय पद्धतीने मिळतो तो या अनुसूचीमुळे. अवकाशातील खासगी कंपन्यांना अधिकृती देण्यासाठी 2020 मध्ये ‘इन-स्पेस’ ही वेगळी संस्था निर्माण झाली.

जीएमआरटी. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची (एनसीआरए) ही दुर्बीण गोविंद स्वरूप (1929–2020) यांच्या कल्पनेतून उभी राहिली. केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांपैकी 14 मधल्या सुमारे चौरस किलोमीटरभर जागेत दाटीने आणि उरलेल्या इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, साधारण 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात. मोठ्या शहरांपासूनचे अंतर आणि भोवतालच्या डोंगरांचा आडोसा ही जागा निवडण्यामागची कारणे. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ती राष्ट्राला अर्पण झाली. 2019 च्या सुधारणेनंतर ती साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झ ऐकते. येथे येणाऱ्या संकेताची ताकद यान्स्की या एककात मोजतात. एक यान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला 10 चा ऋण 26 वा घात इतके वॅट. जीएमआरटीचे नेहमीचे लक्ष्य त्याच्याही हजाराव्या हिश्शाएवढे फिके असते. शेजारच्या वीजवाहिनीवरची ठिणगी तिला का खुपते, ते यावरून कळावे.

राखीव पट्टे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या (आयटीयू) नियमावलीत 1400 ते 1427 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काहीही सोडण्यास मनाई आहे, कारण हायड्रोजनची 1420.4 मेगाहर्ट्झची रेषा त्यात येते. 322 ते 328.6 मेगाहर्ट्झ हा पट्टाही खगोलशास्त्रासाठी मान्य आहे. गोविंद स्वरूप यांनीच उभारलेली उटीची दुर्बीण 1970 पासून त्यातच काम करते. यापलीकडचे दोन पट्टे भारताने तळटीपांतून मिळवले आहेत: 150.05 ते 153 मेगाहर्ट्झ (या टीपेत ऑस्ट्रेलियाही आहे) आणि 608 ते 614 मेगाहर्ट्झ. सातबाऱ्यावर मालकाचे नाव एक आणि ‘इतर हक्क’ रकान्यात दुसऱ्याची नोंद असावी, तसा हा प्रकार आहे. नोंद खरी आणि कायदेशीर, पण कब्जा तिच्यावर ठरत नाही.

हे पट्टे मुळात पुरेसे आहेत का, हा खरा प्रश्न. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनची रेषा 1420 वर राहत नाही. दीर्घिका जितकी दूर, तितकी ती रेषा खालच्या वारंवारतेकडे सरकते. 2023 मध्ये मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील संशोधकांनी जीएमआरटीच्या नोंदींतून 1.29 इतक्या ताम्रसृतीच्या (रेषा किती सरकली याचे माप) दीर्घिकेतील हायड्रोजनचा संकेत मिळवला. एकवीस सेंटिमीटरची लहर पृथ्वीवर पोचेपर्यंत 48 सेंटिमीटरची झाली होती, म्हणजे वारंवारता सुमारे 620 मेगाहर्ट्झ. हा आकडा राखीव पट्ट्याबाहेर, पण 2022 च्या फाइव्ह-जी लिलावात मांडलेल्या 600 मेगाहर्ट्झ बँडच्या आत पडतो. त्या बँडला तेव्हा एकही बोली आली नाही. त्याच लिलावात जिओने देशभर घेतलेला 700 मेगाहर्ट्झ बँडही दुर्बिणीच्या 550 ते 850 या कक्षेतच येतो. विज्ञानाला संपूर्ण पट्टी हवी आणि कायदा तिचे तुकडे देतो, अशी ही स्थिती आहे. तिला कोणी एक खाते जबाबदार नाही.

जमिनीवरचे नियमन. प्रत्यक्षात दुर्बिणीचे रक्षण बिनतारी कायद्यापेक्षा जमिनीच्या परवानग्यांनीच अधिक झाले आहे. भोवतालच्या टापूत उद्योग उभारायचा तर एनसीआरएचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोठी औद्योगिक वसाहत येथे वाढली नाही, याचे एक कारण लोक हेच सांगतात. याच भागातील शाळांची मुले दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदच्या विज्ञान प्रदर्शनाला गर्दी करतात, तेव्हा त्यांना मोबाइल बंद ठेवण्याच्या सूचना असतात.

सर्वांत मोठा संघर्ष पुणे-नाशिक निमद्रुतगती रेल्वेवरून झाला. महारेल या रेल्वे उभारणाऱ्या कंपनीने आखलेला सुमारे 235 किलोमीटरचा मूळ मार्ग राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा होता. विद्युत रेल्वेमुळे होणारा रेडिओ गोंगाट दुर्बिणीच्या इतक्या जवळ चालणार नाही, अशी हरकत आली आणि 2025 मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जीएमआरटीचे कारण देऊन मार्ग शिर्डी-अहिल्यानगरकडून नेण्याची भूमिका मांडली. खासदार अमोल कोल्हे यांच्यासह या भागाने मूळ मार्गाचा आग्रह सोडलेला नाही. ही मागणी अडाणीपणाची समजणे अन्यायाचे ठरेल: दशकानुदशके रेल्वेची वाट पाहणाऱ्या तालुक्यांना या हरकतीचे कारण सांगणारे कोणी गावात आले, असे फारसे घडलेले नाही.

आकाशातील नियमन. उपग्रह मात्र कोणत्याही ना-हरकतीच्या टापूत येत नाही. 360 ते 380 मेगाहर्ट्झवर अमेरिकी नौदलाच्या म्यूऑस उपग्रहांचे संकेत खोडदला दिसतात आणि त्यांच्यावर दिल्लीचा काही अधिकार चालत नाही. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीला दूरसंचार खात्याने जून 2025 मध्ये आणि इन-स्पेसने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली; नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांसाठी तिच्याशी इरादापत्रावर सह्या केल्या. तिच्या ग्राहकांकडे येणाऱ्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वर, जीएमआरटीच्या कक्षेच्या कितीतरी बाहेर आहेत. परंतु 2023 मध्ये युरोपातील लोफार दुर्बिणीने स्टारलिंकच्याच उपग्रहांच्या आतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून 110 ते 188 मेगाहर्ट्झच्या दरम्यान अनाहूत लहरी बाहेर पडत असल्याचे मोजले. जीएमआरटीचा सर्वांत खालचा बँड 120 ते 250 चा आहे. परवाना ठरवून सोडलेल्या लहरींचा असतो. या न ठरवता गळणाऱ्या लहरींना आयटीयूच्या नियमावलीतही नेमकी मर्यादा नाही. म्हणून आज उपाय दुर्बिणीनेच करायचे आहेत: ठिणग्यांचा गोंगाट त्याच क्षणी गाळणारी यंत्रणा बसवली आहे आणि उपग्रहांनी व्यापलेल्या वारंवारतांवरच्या नोंदी संशोधक बाजूला काढून टाकतात.