भयंकर विणणारी माणसं

मराठी माणसाला 'भयंकर' हा शब्द भयंकर आवडतो. आपल्याकडे भरली वांगी भयंकर छान होतात, नाटक भयंकर रंगतं आणि शेजारची मुलगी दहावीला भयंकर मार्क मिळवते. यात भीती कुणालाच वाटत नाही. वाटलीच तर त्याच इयत्तेतल्या आपल्या चिरंजिवांना. ही खोड आपल्या एकट्यांची असावी असा माझा समज होता. पण इंग्लंडच्या उत्तरेला डेंट नावाचं एक डोंगरातलं खेडं आहे. पूर्वी ते यॉर्कशरमध्ये होतं, १९७४ पासून कंब्रिया परगण्यात मोडतं. तिथल्या माणसांना एके काळी सगळा मुलूख 'डेंटची भयंकर विणणारी माणसं' म्हणत असे. भयंकर म्हणजे झपाट्यानं विणणारी. विणणं मागावरचं नव्हे बरं का; सुया, लोकर आणि सुलट-उलट टाके, ते.

अठराव्या शतकात या खोऱ्यात शेती बेताची, मेंढरं मात्र भरपूर. तेव्हा पोटासाठी घरोघर मोजे विणले जात. बायका विणत, मुलं विणत आणि बुवा लोकही विणत. कमरपट्ट्यात एक लाकडी दांडी खोवलेली असे. तिच्या टोकाच्या भोकात उजव्या हातातली सुई अडकवली की हात मोकळा. मग गुरं हाकताना, बाजारला जाताना, रस्त्यात गप्पा मारताना सुया चालूच. या दांड्यांवर कोरीव नक्षी असे आणि तरुण पोरं त्या हौसेनं कोरून आपल्या आवडत्या मुलीला देत. (आपल्याकडच्या तरुणांनी गजऱ्यावर भागवलं. गजरा घातलेल्या मुलीकडून मोजे विणून होत नाहीत, हा त्यातला तोटा.) १८०० च्या सुमारास डेंट आणि शेजारचं सेडबर मिळून केंडलच्या बाजारात आठवड्याला ८४० जोड मोजे पोचते करीत असत.

पुरुषांनी विणण्यात तिथं कुणाला नवल वाटत नसे. पॅरिसमध्ये १५२७ साली विणणाऱ्यांचा जो संघ निघाला, तोही पुरुषांचाच होता. युरोपातल्या काही शहरांत अशा संघात शिरायचं तर आधी काही वर्षं उमेदवारी करावी लागे आणि मग परीक्षेसाठी नक्षीदार गालिचा विणून दाखवावा लागे. हा सगळा इतिहास मी आमच्या शेजारच्या वहिनींना ऐकवला आणि मला विणायला शिकवा म्हटलं. त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही विणणार? मग दुपारी या आमच्यात. गालिचा नको, येताना चिवडा आणा."

वहिनींच्या बोलण्यातला 'आमच्यात' हा शब्द महत्त्वाचा. डेंटमध्येही विणणं हे एकट्यानं करायचं काम नव्हतंच. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमत. याला ते 'बसायला जाणं' म्हणत. आपल्याकडे बायका हळदीकुंकवाला 'बसून जा हो' म्हणतात, तसंच. सगळे शेकोटीभोवती बसत आणि एका लयीत पुढं-मागं डुलत विणत. कुणी गाणी म्हणे, कुणी भुताच्या गोष्टी सांगे, वाचता येणारा एखादा पुस्तक वाचून दाखवी. भूगर्भशास्त्रज्ञ अॅडम सेज्विक हा डेंटचाच, जन्म १७८५ चा. म्हातारपणी त्यानं गावाच्या आठवणी लिहिल्या, त्यात या बैठका आहेत. रसिकतेच्या मागे अर्थातच हिशेब होता. पाच घरांनी पाच चुली आणि पाच मेणबत्त्या जाळण्यापेक्षा एकीवर भागत असे. आपल्या भिशीचं मूळही असल्याच कुठल्या तरी काटकसरीत असावं.

पण ही गोड बैठक सगळ्यांनाच गोड लागत नसे. बेट्टी युडेल नावाची सात-आठ वर्षांची एक मुलगी आणि तिची धाकटी बहीण या दोघींना लँगडेलच्या खोऱ्यातून डेंटला विणकाम शिकायला धाडलं होतं. शिकायला म्हणजे दिवसभर विणायला. घर लांब, माणसं परकी, सुया थांबवायची सोय नाही. एके दिवशी दोघी पळाल्या आणि विचारत विचारत, डोंगरदऱ्या तुडवत, पायी आपल्या घरी पोचल्या. मोठेपणी बेट्टीनं ही हकीकत आपल्या बोलीत सांगितली आणि इंग्लंडचा राजकवी रॉबर्ट साउदी याच्या 'द डॉक्टर' या पुस्तकात ती छापली गेली. याच पुस्तकात तीन अस्वलांची ती जगप्रसिद्ध गोष्टही आहे. अस्वलांच्या घरातून पळालेली मुलगी आपल्या बालवाडीपर्यंत पोचली. मोज्यांच्या घरातून पळालेल्या दोघी मात्र वाटेतच राहिल्या. वास्तविक भीतीची गोष्ट हीच. 'भयंकर' शब्दाचा खरा अर्थ त्या गावात या दोन पोरींनाच कळला होता.

हातांना या कामातून सोडवावं असं कुणाला वाटलंच नाही असं नाही. नॉटिंगहॅमशरच्या विल्यम ली यानं १५८९ सालीच मोजे विणायचं यंत्र केलं. राणी एलिझाबेथनं त्याला हक्कपत्र नाकारलं. गोरगरीब विणणारे भिकेला लागतील अशी तिला काळजी वाटली, असं सांगतात. ली फ्रान्सला गेला, तिथं राजा चौथा हेन्री याचा आश्रय मिळाला, तर १६१० साली राजाचाच खून झाला. ली बिचारा परदेशात दरिद्रीच वारला. यंत्र मात्र मेलं नाही. एकोणिसावं शतक सरता सरता डेंटच्या सुया थंडावल्या. राणीची काळजी खोटी नव्हती, आणि बेट्टीचं रडूही खोटं नव्हतं. इतिहासात ही अशी अडचण फार वेळा येते. कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही आणि दोन्ही बाजूंचे मोजे आपल्याच पायांत असतात.

पोटासाठी विणणं संपलं, तरी विणणं संपलं नाही. २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लावाची लढाई झाली. तिथला सेनापती लॉर्ड रॅग्लन, त्याच्या नावानं शिंपी आजही रॅग्लन बाही शिवतात. घोडदळ घेऊन तोफांवर चालून गेला तो लॉर्ड कार्डिगन, त्याचं नाव पुढं उघड्या स्वेटरला मिळालं. आणि गावाच्या नावानं जी टोपी प्रसिद्ध झाली, ती म्हणजे आपली माकडटोपी. एका लढाईतून बाही, स्वेटर आणि टोपी एवढं साहित्य निघाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुण्यात डिसेंबरातल्या पहाटे फिरायला निघालेले आजोबा पाहिले की ती लढाई अजून चालूच आहे असं वाटतं.

आपल्याकडेही १९६२ साली चीनचं आक्रमण झालं, तेव्हा देशभर घराघरांतून बायका जवानांसाठी स्वेटर विणायला बसल्या. हिमालय कधी न पाहिलेल्या हातांनी हिमालयातल्या थंडीचा अंदाज घेत टाके घातले. कुणाचा स्वेटर कुणाला गेला, बाह्या पुरल्या की नाही, हे विणणारीला कधीच कळलं नाही. तरी विणलं. इथं मजुरी नव्हती आणि सक्तीही नव्हती. डेंटच्या शेकोटीतलं जे चांगलं होतं, ते तेवढं उरलं होतं.

बाजारात आज दुकानातला स्वेटर लोकरीच्या गुंड्यांपेक्षा स्वस्त पडतो, असं आमच्या दुपारच्या बैठकीत दर आठवड्याला कुणीतरी हिशेबानं सिद्ध करतं. ते सिद्ध करताना तिच्या हातात अर्धा झालेला बाळंतविडा असतो आणि सुया थांबलेल्या नसतात. ज्या बाळासाठी तो चालला आहे ते अजून जन्मायचं असतं. त्या टोपड्यातले सगळे टाके कुणीतरी आपल्यासाठी एकेक करून मोजले होते, हे त्या बाळाला पुढं कुणी सांगितलं तर बरं. नाही सांगितलं तरी कान गरम राहतीलच.