दोष दाखवणारा

आम्हा मास्तरांना जळगाव-धुळ्याकडे इलेक्शन ड्यूटी चुकली नाही. मतदानयंत्राला सील लावणारे आम्हीच. म्हणून हरी प्रसाद यांची हकिकत मोलाची वाटते.

हैदराबादच्या या तंत्रज्ञांनी एप्रिल २०१० मध्ये दोन परदेशी संशोधकांसह खऱ्या मतदानयंत्रातल्या त्रुटी जाहीर केल्या. यंत्र मुंबईच्या जुन्या कस्टम हाउसमधलं. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना यंत्रचोरीच्या आरोपाखाली अटक केली. आठवड्याने जामीन मिळाला. कडक बंदोबस्तात यंत्र सुरक्षितच, असं आयोगाचं म्हणणं. पुढे ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने कागदी पावती आवश्यक ठरवली. २०१९ च्या लोकसभेला ती सगळ्या केंद्रांवर होती.

फळ्यावरची चूक दाखवणाऱ्या पोराला वर्गाबाहेर काढून गणित सुटत नाही, मंडळी!