एसटीने येणारा डबा

सकाळच्या पहिल्या एसटीने माझा डबा नाशिकला यायचा. ॲल्युमिनियमचा, सुतळीने आवळलेला, झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव. कंडक्टर तो स्टँडवर उतरवून ठेवी. आत दोन वेळच्या बाजरीच्या भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. एखाद्या दिवशी गाडी चुकली की आम्ही पोरं एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. 1966 साली मी निफाड तालुक्यातून आठवीला आलो आणि अकरावीपर्यंत या डब्यावर काढली.

आमचं हायस्कूल खासगी होतं. आता खासगी म्हटलं की भरमसाट फी आणि गळ्यातला टाय डोळ्यापुढे येतो. तेव्हा खासगी म्हणजे चार माणसांनी वर्गणी करून उभं केलेलं आणि पुढे सरकारी ग्रँटवर चालणारं. नाशकात ही रीत जुनीच. आज ज्याला रुंगठा हायस्कूल म्हणतात ते तेव्हाचं न्यू इंग्लिश स्कूल. पिंपळगाव बसवंतहून आलेले वि. वा. शिरवाडकर तिथलेच विद्यार्थी. पण वकिलाचं पोर शहरात शिकायला येणं वेगळं आणि कुणब्याचं येणं वेगळं. कुणब्यापुढे पहिला सवाल पुस्तकाचा नसायचाच. राहायचं कुठं अन्‌ खायचं काय?

हे ज्यांना कळलं त्यांनी सुरुवातच बोर्डिंगपासून केली. रावसाहेब थोरात, गणपतदादा मोरे ही सत्यशोधकी वळणाची माणसं. त्यांच्या मराठा विद्या प्रसारक समाजाने 1914 साली उदोजी महाराजांच्या नावाने वसतिगृह काढलं. 1920 च्या एप्रिलात त्याच्या कोनशिलेला खुद्द शाहू महाराज नाशकात आले. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत पुढं ज्या शाळा निघाल्या, त्यांचं मूळ या बोर्डिंगात आहे, असं मी मानतो.

माझे वडील सातवी फायनल पास. त्यांच्या काळी गावात शिक्षण तिथं संपायचं. मी पुढे गेलो तो ईबीसीमुळे. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1959 साली, ही सवलत आली. घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्याचा दाखला द्यायचा, की फी माफ. दाखल्यासाठी वडिलांनी तीन खेपा घातल्या. मात्र एक अट होती. पोरगं नापास झालं की सवलत गेली.

या अटीनं माझा बाकावरचा सोबती नेला. शेजारच्या गावचा. भूमिती त्यानंच मला शिकवली. मास्तर फळ्यावर प्रमेय सोडवायच्या आत याचं वहीत उतरलेलं असे. पण इंग्रजीचं आणि त्याचं जमेना. आम्हा खेड्यातल्या पोरांना इंग्रजी कानावर पडायची ती फक्त त्या तासाला. नववीत त्याला इंग्रजीत एकतीस गुण पडले. पासाला पस्तीस हवे होते. निकालानंतर त्याचे वडील आले, काही न बोलता पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली. तो मागनं चालला. जाताना कंपासपेटी तेवढी मला देऊन गेला.

1970 साली मी मॅट्रिक झालो. पेपरात नुसते नंबरच छापून यायचे. वडिलांनी चावडीवर बोट ठेवून माझा नंबर चौघांना दाखवला. शाळेच्या फळ्यावर ऑइलपेंटने नाव लागलं. गणितात मला ब्याऐंशी. ते किती माझे आणि किती त्याचे, हा हिशेब मला आजही सुटत नाही.

वीसेक वर्षांनी तो लासलगावच्या कांदा बाजारात भेटला. लिलाव उरकला होता. क्विंटल, भाव, हमाली, तोलाई असं सगळं त्यानं तोंडीच करून टाकलं. व्यापाऱ्याचा मुनीम अजून कागदावरच होता. मी मास्तर झालोय हे त्याला ठाऊक होतं. पोरीला आठवीला नाशिकला घालायची म्हणाला. कुठली शाळा बरी, ते मी सांगायला लागलो, तर मधेच थांबवलं मला.

"ते असू दे. तिथं इंग्रजीला मास्तर कोण आहे, ते सांग आधी."