दारू : एका शब्दाच्या दोन भट्ट्या

देशभरातल्या स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्याच नागपूरच्या अवतीभवतीच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले भिजवून, आंबवून भट्टीवर 'पहिल्या धारेची' काढण्याची रीत फार जुनी. मराठीत दोन्हींना नाव एकच : दारू. तोफेत ठासायची तीही दारू, पेल्यात ओतायची तीही. हा योगायोग नव्हे, हे मला 'दवादारू' या जोडशब्दाने शिकवले.

दवा अरबी, दारू फारसी, अर्थ एकच : औषध. काही जण देवदारातल्या संस्कृत 'दारु'कडे, म्हणजे लाकडाकडे बोट दाखवतात. ते मला पटत नाही. लाकडापासून मद्यापर्यंत अर्थाची वाट जात नाही, औषधापासून सरळ जाते.

खरा वाद पुढेच आहे. मद्य पेट घेते म्हणून त्याला तोफेच्या दारूचे नाव मिळाले, असे एक मत. पहिल्या धारेची दारू विस्तवावर शिंपडली की भडकते, त्यामुळे ते खरेही वाटते. पण चिनी भाषेत तोफेच्या दारूला 'हुओयाओ' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'आगीचे औषध'. अमरत्वाचे रसायन शोधणाऱ्या किमयागारांच्या हाती ती लागली होती. फारसीतही औषधाचा शब्द तिला चिकटला. तेव्हा माझे मत असे की या मायलेकी नव्हेत, सख्ख्या बहिणी आहेत, आई औषध. १८५७च्या मोल्सवर्थच्या कोशात दोघी एकाच शब्दाखाली नांदतात.

पुढे इंग्रजांनी या बहिणींची नकळत गाठ घातली. मद्याचा कस पाहायला ते तोफेची दारू त्यात भिजवून पेटवत. पेटली तर मद्य कसाला उतरले, म्हणजे 'प्रूफ'. नंतर हे माप सुमारे ५७ टक्के अल्कोहोलावर ठरले. आपल्या देशी दारूच्या बाटलीवरचे '२५ यू. पी.' त्याच मापातले : प्रूफपेक्षा २५ टक्के कमी, म्हणजे ४२.८ टक्के.

नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, आणि सैन्याच्या दारूगोळ्याचे देशातले सर्वांत मोठे कोठार त्याच जिल्ह्यात, पुलगावला आहे.