प्रतिरूपण, सायकलमार्गांचे

सायकलीचे मागील चाक काढून, तिची साखळी जमिनीवर स्थिर ठेवलेल्या यंत्राच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चक्रांच्या संचावर, चढवून, जगातील एखाद्या खऱ्या रस्त्याचे चढउतार त्या यंत्राच्या रोधाद्वारे घरातल्या घरात पायांना अनुभवावयास लावणे, या क्रियेस सायकलमार्गाचे प्रतिरूपण म्हणतात. या यंत्रास स्मार्ट ट्रेनर असे नाव रूढ आहे. समोरच्या पडद्यावर बहुधा त्याच रस्त्याचे चलच्चित्र अथवा संगणकाने रेखाटलेले दृश्य सरकत असते, आणि नवख्या माणसाची नजर साहजिकच तिकडे जाते. परंतु प्रतिरूपणाचे अस्सलपण चित्रावर अवलंबून नसून त्या रस्त्याच्या उंचीची नोंद किती इमानाने झाली आहे यावर अवलंबून असते.

या यंत्रांचा पूर्वज म्हणून अमेरिकेतील सिअॅटल शहरी रेसरमेट कंपनीने 1986 साली काढलेल्या कॉम्प्युट्रेनरचा उल्लेख करावा लागतो. नेदरलँड्समधील टॅक्स कंपनीने पुढे खऱ्या रस्त्यांचे चित्रीकरण करून ते स्वाराच्या वेगानुसार मंद वा जलद चालविण्याची रीत लोकप्रिय केली; 2012 साली वाहू कंपनीचा किकर हा ट्रेनर आला, आणि 2014 साली सुरू झालेल्या झ्विफ्ट या संगणकीय प्रणालीने हजारो स्वारांना एकाच आभासी रस्त्यावर आणून सोडले.

यंत्राचे कार्य तत्त्वतः साधे आहे. संगणकातील प्रणाली स्वाराचे व सायकलीचे वजन, त्या ठिकाणचा चढ, रस्त्याचे घर्षण व हवेचा विरोध यांचा जमाखर्च मांडून ट्रेनरला बिनतारी संदेशाने चढाचा आकडा कळविते. ट्रेनर विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने तेवढा रोध उत्पन्न करतो, आणि स्वाराने प्रत्यक्ष किती शक्ती खर्चिली ते मोजून उलट कळवितो, ज्यावरून त्याचा आभासी वेग ठरतो. सायकलीसह 80 किलोग्रॅम वजनाचा स्वार 8 टक्क्यांच्या चढावर ताशी 12 किलोमीटर वेगाने जाऊ लागला, तर त्यास अदमासे 225 वॉट शक्ती लागते, व तीपैकी 208 वॉट केवळ गुरुत्वाकर्षणाच्या वाट्यास जातात. हवा आणि घर्षण मिळून उरलेले थोडेसे घेतात. म्हणूनच घाटाचे प्रतिरूपण सपाट रस्त्याच्या प्रतिरूपणापेक्षा कितीतरी अधिक खरे उतरते, कारण सपाटीवर ज्या वाऱ्याशी मुख्य झुंज असते तो वारा बंद खोलीत नसतो, चढावरचे वजन मात्र यंत्रास हिशेबाने बिनचूक उभे करता येते. अर्थात स्वाराने आपले वजन खरे सांगितले पाहिजे. पाच किलो कमी सांगणाऱ्यास वर दिलेल्या चढावर तेरा वॉटांची फुकटची सूट मिळते, आणि शर्यतीत ती शुद्ध लबाडी होय.

या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण फ्रान्समधील आल्प द्युएझ या घाटाचे आहे. बूर द्वाझां गावाजवळून निघून सुमारे 1,850 मीटर उंचीवरच्या वसाहतीपर्यंत जाणारा हा 13.8 किलोमीटरांचा रस्ता सरासरी 8.1 टक्के चढाचा असून त्यावर एकवीस नागमोडी वळणे आहेत. वळणांचे क्रमांक वरून खाली मोजलेले असल्याने चढणाऱ्यास प्रथम एकविसावे भेटते, आणि प्रत्येक वळणावर येथील विजेत्यांच्या नावांची पाटी आहे, जिची परंपरा 1952 साली तूर द फ्रान्सच्या शर्यतीत येथे पहिला आलेल्या फाउस्तो कोप्पी या इटालियन स्वारापर्यंत मागे जाते. झ्विफ्टने हा घाट 2018 साली आपल्या वाटोपिया नामक काल्पनिक बेटावर उतरविला. तेथे आल्प्सची पाइनची झाडे नाहीत, चर्चची घंटा नाही, फ्रेंच खेडे नाही. परंतु एकवीस वळणे आहेत, लांबी 12.2 किलोमीटर, एकूण चढाई 1,036 मीटर व सरासरी चढ 8.5 टक्के आहे, आणि खऱ्या घाटाप्रमाणेच प्रत्येक वळणावर रस्ता क्षणभर सपाट होऊन पायांस जी उसंत देतो, ती उसंतही आहे. देखावा सर्वस्वी कल्पित आणि चढ मात्र खरा, असा हा प्रकार आहे. खऱ्या रस्त्याचे सुंदर चित्रण असूनही उंचीची नोंद ढिसाळ असलेल्या मार्गांपेक्षा तो मूळ घाटाच्या अधिक जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

उंचीच्या नोंदीत दोष शिरतात ते मुख्यतः असे. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अवकाशयानातून नासाने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भूभागाची रडारने मोजणी केली, आणि तिच्या आधारे तयार झालेली सुमारे 30 मीटरांच्या चौकटींची उंचीसूची आजही अनेक प्रणालींच्या दप्तरी आहे. डोंगर मोजण्यास ती उत्तम. परंतु डोंगराच्या कुशीत खोदलेला अरुंद रस्ता तिच्या एकाच चौकटीत वरच्या कड्यासह व खालच्या दरीसह सामावला जातो. समजा, रस्ता 8 टक्क्यांचा आहे. म्हणजे 30 मीटरांत तो 2.4 मीटर चढतो. लगतच्या दोन नोंदींत केवळ 3 मीटरांची तफावत पडली, तर तोच रस्ता कागदावर एकदा 18 टक्क्यांची भिंत होतो, आणि तफावत उलट दिशेची असेल तर 2 टक्क्यांचा उतार. ट्रेनर बिचारा हुकुमाचा ताबेदार असल्याने तो हे इमानेइतबारे अमलात आणतो व स्वार अकारण गिअर बदलीत बसतो. बोगद्यांची गोष्ट याहून विपरीत आहे: पुणे-सातारा मार्गावरील खंबाटकीच्या बोगद्यातून जाणारा रस्ता केवळ अशा सूचीवरून काढला, तर तो डोंगराच्या पोटातून न जाता माथ्यावरून जातो. या खोडी घालविण्यासाठी शंभर-दोनशे मीटरांची सरासरी काढून नोंद गुळगुळीत करण्याचा प्रघात आहे. मात्र त्यात वळणावरचा सपाट तुकडा आणि त्यानंतरची अंगावर येणारी खडी चढण, या ज्या दोन गोष्टींनी घाट ओळखू येतो, त्या दोन्ही नाहीशा होतात.

कित्येक प्रणालींत चढाची तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय असते, आणि झ्विफ्टमध्ये ती मुळातच निम्म्यावर ठेवलेली असते. त्यामुळे 8 टक्क्यांचा चढ पायांना 4 टक्क्यांसारखा लागतो, पण वेगाचा हिशेब 8 टक्क्यांचाच राहतो. म्हणजे मेहनतीत सवलत नाही, फक्त गिअरांत आहे. घाटाची खरी तालीम करू पाहणाऱ्याने ती पूर्णावर न्यावी.

काही गोष्टी यंत्राच्या कक्षेबाहेरच राहतात. वळणावर अंग झुकवणे, उतारावर ब्रेक सांभाळणे आणि उंचीवरची विरळ हवा खोलीत येत नाहीत. उलट, 225 वॉट काम करणारे शरीर सुमारे पावणेसातशे वॉट उष्णता बाहेर टाकीत असल्याने मोठा पंखा हा या साधनसामग्रीचा अनिवार्य भाग मानला पाहिजे. तथापि या मर्यादांमुळे प्रकाराची प्रतिष्ठा उणावली नाही. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने डिसेंबर 2020 मध्ये वाटोपियावर पहिली आभासी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविली, तीत स्त्रियांत दक्षिण आफ्रिकेची अॅशली मूलमन-पासिओ व पुरुषांत जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न हे विजयी झाले; पैकी ऑस्बोर्न हा मूळचा नौकास्पर्धक.

पावसाळ्यात घाट निसरडे झाले की महाराष्ट्रातील सायकलस्वारासही ट्रेनरचा आधार वाटतो, आणि सिंहगड, पसरणी किंवा आंबेनळी यांपैकी आपल्या आवडीचा घाट घरी चढावा असे त्याच्या मनात येते. त्याने आयत्या सूचीवर विसंबू नये. हवेच्या दाबावरून उंची सांगणारे यंत्र सायकलीवर लावून, हवा स्थिर असलेल्या दिवशी, तो घाट स्वतः सावकाश चढून त्याची नोंद करावी, आणि ती इतरांसही मोकळी करून द्यावी.