सिंकोना, बटाटा आणि महाबळेश्वरचा पाऊस

परदेशी वनस्पती आपल्या भूमीत कशा रुजल्या, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा वनस्पतिशास्त्राच्या, फार तर गॅझेटियरच्या हवाली केला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यात लक्ष घालावे असे आम्हांला वाटते. कारण झाडांच्या स्थलांतराचा एक हिशेब सरकारी दप्तरात असतो आणि दुसरा भाषेत. आणि हे दोन हिशेब क्वचितच जुळतात.

ह्या कथेचा एक दरवाजा पनवेल. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून देशावर जाणारा प्रवासी बोटीने पनवेलच्या बंदरात उतरे आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने १८३० साली खुल्या केलेल्या रस्त्याने बोरघाट चढे. खाडीकाठच्या पनवेलला पाऊस भरपूर, पण हवा उष्ण आणि दमट. घाटमाथ्यावर मात्र थंडावा भेटे, आणि त्या थंडाव्यासरशी इंग्रज माणसाला घरच्या बागेची आठवण होई. ह्याच माल्कमने सातारचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार करून १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरी इंग्रजांची वसाहत उभी केली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंची, वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस आणि उन्हाळ्यातही सुसह्य हवा. कागदावर पाहता थंड, ओल्या प्रदेशातली कोणतीही वनस्पती येथे वाढायला हरकत नव्हती.

कागदावर आणि डोंगरावर पडलेले हे अंतर सिंकोनाच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. हिवतापावरचे कोयनेल ज्याच्या सालीपासून निघते ते हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवरचे. हिवतापाने साम्राज्याचे सैनिक आणि मजूर दोन्ही लोळवले होते, तेव्हा ह्या झाडाची लागवड ही सत्तेचीच गरज होती. क्लेमेंट्स मार्कम ह्याने १८६० साली पेरूमधून रोपे जमवली आणि वॉर्डच्या पेट्यांत, म्हणजे हवाबंद काचपेट्यांत घालून ती हिंदुस्थानाकडे आणली. पुढे निलगिरीत सिंकोनाचे मळे उभे राहिले. मार्कमच्या १८६२ सालच्या प्रवासग्रंथात महाबळेश्वरच्या डोंगरांवरही एक प्रकरण आहे. पाठोपाठ १८६५ च्या सुमारास महाबळेश्वरजवळ, वेण्णेच्या खोऱ्यात लिंगमळ्याला सरकारने सिंकोनाची लागवड केली. आणि सुमारे दहा वर्षांत ती गुंडाळली.

सिंकोनाला वर्षभर थोडाथोडा पाऊस आणि सतत ओलसर हवा लागते. निलगिरीला नैर्ऋत्य आणि ईशान्य असे दोन्ही मोसमी पाऊस मिळतात, त्यामुळे कोरडा काळ आखूड राहतो. महाबळेश्वरी जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. जांभ्या दगडावरच्या पातळ मातीतून पाणी झपाट्याने निघून जाते आणि पुढचे सात-आठ महिने झाडाला कोरडी हवा सोसावी लागते. थंडी होती, पाणीही होते; पण झाडाला ज्या क्रमाने ते हवे होते त्या क्रमाने नव्हते. काचेच्या पेटीत झाडाची हवा महासागरापार नेता आली. डोंगरावर ती निर्माण करता आली नाही.

ह्याच डोंगरावर त्याआधी तीस वर्षे एक दुसरी लागवड चालली होती. १८३४ च्या सुमारास येथे चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तुरुंग उघडला गेला आणि तो १८६४ पर्यंत चालला. ह्या कैद्यांनी बटाटा आणि इतर विलायती भाज्या पिकवल्या, आणि त्यांची शेती पाहून आसपासच्या लोकांनी त्या उचलल्या. बटाट्याला वर्षभराची ओल लागत नाही. तीन-चार महिन्यांच्या सोयीच्या हंगामात तो आपले काम उरकतो. सिंकोनासारखे त्याला बारमाही आश्रयदाते लागले नाहीत. महाबळेश्वरच्या पॉइंटांना विल्सन, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन अशी साहेबांची नावे मिळाली, बाजारपेठ माल्कमपेठ झाली. एकाही पॉइंटाला एखाद्या चिनी कैद्याचे नाव नाही. ज्यांची लागवड टिकली त्यांची नावे टिकली नाहीत, ह्यापलीकडे वसाहतींच्या इतिहासावर वेगळे भाष्य करण्याची गरज आम्हांला वाटत नाही.

बटाट्याची युक्ती पुढे स्ट्रॉबेरीने अधिक नेटकेपणाने वापरली. आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी ही उत्तर अमेरिकेतल्या आणि चिलीतल्या अशा दोन जातींच्या संकरातून अठराव्या शतकात युरोपात जन्मली; म्हणजे साहेबाच्या बागेतही ती पाहुणीच होती. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर पाऊस ओसरला की तिची रोपे लावतात आणि थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फळ घेतात. जो कोसळणारा पाऊस तिला सडवील तो तिला टाळता येतो. जी कोरडी थंडी सिंकोनाला मानवली नाही तीच तिला मानवते. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. ह्याच पिकावर उभे असलेले भिलार २०१७ साली 'पुस्तकांचे गाव' झाले, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.

आता भाषेचा हिशेब. 'बटाटा' कॅरिबियन बेटांवरून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आला आणि इतका मुरला की उपवासाच्या ताटात त्याला कोणी कूळ विचारत नाही. त्या ताटातली मिरची, रताळे, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद हेही सारे अमेरिकेचेच. अमेरिकेतूनच आलेल्या सीताफळाने तर थेट रामायणात घर केले. स्ट्रॉबेरीने आपले इंग्रजी नाव सोडले नाही, पण तिचा मळा साताऱ्याच्या शेतकऱ्याचा झाला. आणि सिंकोना? लिंगमळ्याचे झाड गेले, परंतु 'कोयनेल' मराठीत राहिले; कडू औषधाचे दुसरे नाव म्हणून ते घरोघर उच्चारले गेले.

'देशी' आणि 'परदेशी' हे शब्द आपण साहित्याच्या चर्चेतही सहज वापरतो. सुनीत परके, कादंबरी परकी, अमुक प्रकार मात्र मातीतला. ह्या डोंगरावरचा अनुभव सांगतो की उगमाचा प्रश्न गौण आहे. येथल्या ऋतुचक्रात आपली जागा ज्याने शोधली आणि ज्याला रोज पाणी घालणारे हात मिळाले, ते येथले झाले. सरकारी आज्ञेने, शास्त्राच्या पाठबळाने आणि पैशाने ते घडवता येईल असे लिंगमळ्याला वाटले होते.