घरच्या घरी कारचं ऑइल कसं बदलायचं? आणि निघालेलं जुनं ऑइल टाकायचं कुठे?

दापोडीला गाड्यांचं काम नवीन नाही. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक इथेच आहे. आजूबाजूला पिंपरी-चिंचवडची कारखानदारी असल्याने हातात पाना धरणारी माणसंही कमी नाहीत. कारचं इंजिन ऑइल घरीच बदलावं, असं अनेकांना वाटतं आणि ते जमण्यासारखं आहे. खरी अडचण येते ती काम संपल्यावर, जुनं काळं ऑइल समोर असतं तेव्हा.

ऑइल का बदलायचं?

ऑइल इंजिनच्या फिरत्या भागांचं घर्षण कमी करतं, उष्णता वाहून नेतं आणि काजळी, धातूचे बारीक कण स्वतःत धरून ठेवतं. हळूहळू ते मळतं आणि त्यातली रसायनं संपतात. अनेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यापैकी जे आधी येईल ते, अशी मुदत असते. आपल्या गाडीची मुदत मॅन्युअलमध्ये बघावी.

कोणतं ऑइल घ्यायचं?

डब्यावरच्या '५डब्ल्यू-३०' मध्ये डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं हे सांगतो, नंतरचा आकडा तापल्यावरचा घट्टपणा. मॅन्युअलमधलाच ग्रेड घ्यावा. लहान पेट्रोल कारला साधारण ३ ते ४ लिटर ऑइल लागतं. सोबत नवा फिल्टर आणि चेंबरच्या नटाचं नवं वॉशर आणावं. गाडी वॉरंटीत असेल तर आधी अटी वाचाव्यात आणि बिलं जपून ठेवावीत.

ऑइल बदलायचं कसं?

१. गाडी सपाट जागी लावून इंजिन ३-४ मिनिटं चालवावं. ऑइल कोमट हवं, उकळतं नको. मग इंजिन बंद करावं.

२. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत, गाडी जॅकने उचलून जॅक स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये.

३. ऑइल भरायचं झाकण उघडावं. खाली पसरट भांडं ठेवून चेंबरचा नट सोडावा. नवशिके इथे चुकून गिअरबॉक्सचा नट सोडतात. त्यामुळे पाना लावण्याआधी खात्री करावी.

४. ऑइल निथळल्यावर नव्या वॉशरसह नट बसवावा. जुना फिल्टर काढावा. नव्याच्या रबरी रिंगला थोडं नवं ऑइल लावून तो हातानेच आवळावा.

५. गाडी खाली उतरवून नरसाळ्याने ऑइल भरावं, पण सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावं, काही मिनिटं थांबावं आणि डिपस्टिक बघावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जास्त झालेलं ऑइलही इंजिनला त्रास देतं. शेवटी खाली गळती नाही ना, हे बघावं.

जुन्या ऑइलचं काय?

आपल्याकडे 'जळकं ऑइल' वाया घालवत नाहीत. वाळवी लागू नये म्हणून ते लाकडाला लावतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना फासतात. पण त्यात जड धातू असतात आणि ते माती-पाण्यात उतरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, माहितीनुसार एका वेळच्या ऑइल बदलातून निघालेलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर, गोडं पाणी खराब करू शकतं.

दापोडीत पवना मुळेला मिळते. मुळा पुढे मुठेला, मुळा-मुठा भीमेला आणि भीमेचं पाणी उजनी धरणात. तेच पाणी सोलापूर पितं. पावसाळी गटारात ओतलेलं ऑइल याच वाटेने जातं.

भारतात वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवरही आली आहे. शुद्ध केल्यावर त्यातून पुन्हा बेस ऑइल मिळतं.

म्हणून ऑइल गार झालं की ते नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरावं. पाणी, पेट्रोल, कूलंट त्यात मिसळू नये. फिल्टरही निथळवून पिशवीत ठेवावा. मग दोन्ही गोष्टी अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना ऑइल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये द्याव्यात. ते घेतील का, हे नट सोडण्याआधीच फोन करून विचारावं. कुणी घेणारं नसेल, तर ऑइल गॅरेजमध्येच बदललेलं बरं.